अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया: किंग स्ट्रीट आणि त्यापलीकडे

नकाशाघडी

वॉशिंग्टन डी.सी.च्या दक्षिणेला पोटोमॅकच्या काठी असलेल्या अलेक्झांड्रियासाठी मेमध्ये दीड दिवस राखून ठेवला आहे. शनिवार पूर्ण, रविवार दुपारपर्यंत. मंडळी पाच: आम्ही दोघं, सत्तरीतले आई-बाबा (बाबांना गुडघ्यांमुळे जिने नकोत) आणि बाबागाडीतलं तीन वर्षांचं मूल. गाडी भाड्याने घेणार नाही. आई-बाबा शाकाहारी. हॉटेल कुठल्या भागात घ्यावं, काय पाहावं, कुठल्या क्रमाने, आणि ओल्ड टाउन (शहराचा जुना, नदीकडचा भाग) सोडून कुठले भाग वेळ देण्यासारखे आहेत? तिथे राहणारे बरेच जण इथे लिहितात, म्हणून वेगळा धागा काढला.

उंबरठा

हॉटेल बुक करण्याआधी पत्त्यातला झिप कोड (आपल्याकडचा पिनकोड) बघा. नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथे. अलेक्झांड्रिया हे स्वतंत्र शहर आहे, कुठल्याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मोडत नाही. पण टपाल खात्याच्या हिशेबात शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीचा मोठा भागही 'अलेक्झांड्रिया' नावानेच ओळखला जातो. त्यामुळे 'अलेक्झांड्रियातलं स्वस्त हॉटेल' प्रत्यक्षात ओल्ड टाउनपासून सात-आठ मैलांवर, हमरस्त्याच्या कडेला निघू शकतं.

ओल्ड टाउन म्हणजे २२३१४. २२३०६, २२३०९, २२३१०, २२३१५ हे कोड दिसले की ते फेअरफॅक्समधलं समजा, तुमच्यासारख्या गाडी न घेणाऱ्यांना ते जड जाईल. २२३०३ सुद्धा फेअरफॅक्सच, पण तिथे हंटिंग्टन हे मेट्रोच्या यलो लाइनचं शेवटचं स्टेशन आहे, तेव्हा स्टेशनच्या पायी अंतरात असेल तर चालेल.

२२३१४ मध्येही दोन पर्याय पडतात. नदीकाठची हॉटेलं देखणी, पण मेट्रोपासून मैलभर लांब. किंग स्ट्रीट मेट्रोजवळची आणि कार्लाइल-आयझेनहॉवर भागातली हॉटेलं दिसायला ऑफिससारखी (अमेरिकेचं पेटंट कार्यालय तिथेच आहे), मात्र सामान आणि बाबागाडी घेऊन उतरायला सोपी. तुम्हाला मी मेट्रोजवळचंच सांगेन. शनिवार-रविवारी ऑफिसच्या भागातले दर बहुधा उतरतात, तेही बघून ठेवा.

फलाट२

येण्याजाण्याचं सांगतो.

रेगन नॅशनल विमानतळावर उतरत असाल तर ब्लू किंवा यलो लाइन, दक्षिणेकडे जाणारी. पोटोमॅक यार्ड, ब्रॅडॉक रोड आणि मग किंग स्ट्रीट–ओल्ड टाउन, तिसरं स्टेशन. डलेस विमानतळावरून सिल्व्हर लाइन, रॉसलिनला उतरून फ्रँकोनिया–स्प्रिंगफील्डकडे जाणारी ब्लू लाइन. रॉसलिनला फलाट वरखाली आहेत, लिफ्ट शोधायला पाच मिनिटं हाताशी ठेवा. न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाकडून ॲमट्रॅक रेल्वेने येणाऱ्यांनी डी.सी.च्या युनियन स्टेशनवर न उतरता थेट 'अलेक्झांड्रिया' स्टेशनचं तिकीट काढावं. ते किंग स्ट्रीट मेट्रोला अगदी लागून आहे.

मेट्रोत आता बँकेचं टॅप होणारं कार्डही चालतं, मेट्रोचं स्मारट्रिप कार्ड घ्यायलाच हवं असं नाही. एका कार्डावर एकच माणूस, एवढं लक्षात ठेवा. भारतातलं कार्ड वापरलं तर प्रत्येक टॅपवर परकीय चलनाचं शुल्क लागू शकतं, म्हणून आई-बाबांसाठी स्मारट्रिप बरं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही.

शहरात आल्यावर दोन गोष्टी फुकट आहेत. एक, डॅश या शहर बससेवेच्या सगळ्या बसगाड्या. सप्टेंबर २०२१ पासून तिथे भाडंच घेत नाहीत. दुसरी, मेट्रो स्टेशन ते नदी अशी किंग स्ट्रीटवरून धावणारी ट्रॉली. ती सकाळी ११ नंतर सुरू होते, पंधराएक मिनिटांनी एक. शनिवारच्या सकाळच्या बाजाराला जायचं असेल तर ट्रॉलीची वाट बघत थांबू नका, डॅशची बस घ्या.

शनिवार-रविवारी मेट्रोवर रुळांची कामं निघतात आणि एखादा टप्पा बंद ठेवून बदली बस देतात. आदल्या रात्री मेट्रोच्या साइटवर कामांची यादी आणि बंद लिफ्टची यादी, दोन्ही बघा. गुडघ्याच्या माणसाला दुसरी यादी जास्त महत्त्वाची.

वीटबंदी

ओल्ड टाउनचे पत्ते एकदा समजले की फोन खिशात ठेवता येतो. किंग स्ट्रीट हा मधला दोरा. त्याच्या वरचे ते नॉर्थ, खालचे ते साउथ. आडव्या गल्ल्या नदीकडून मोजायच्या: युनियन स्ट्रीटपासून १००, लीपासून २००, फेअरफॅक्सपासून ३००, मग रॉयल, पिट, सेंट असाफ, आणि वॉशिंग्टन स्ट्रीटपासून ७००. म्हणजे '१२१ नॉर्थ फेअरफॅक्स' (कार्लाइल हाउस) हे किंगच्या उत्तरेला पहिल्याच ब्लॉकमध्ये, आणि '१३१५ ड्यूक' नदीपासून तेरा ब्लॉक आत, मेट्रोच्या बाजूला. किंग, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस, ड्यूक ही नावं १७४९ साली गाव वसलं तेव्हाच्या इंग्रजी राजवटीची. स्वातंत्र्यानंतरही ती बदलली नाहीत.

आता तुमच्या मंडळींसाठी क्रम. मेट्रोकडून नदीकडे किंचित उतार आहे. उतरताना चाला, परतताना ट्रॉली. उलटं केलंत तर संध्याकाळी दमलेल्या पायांनी चढ लागतो.

फूटपाथ विटांचे आहेत आणि झाडांच्या मुळांनी जागोजागी उचलले गेलेत. छोट्या चाकांची प्रवासी बाबागाडी दर चार पावलांवर अडकते. मोठ्या चाकांची, पण घडी होणारी आणा. बाबांना जाड, न वाकणाऱ्या तळव्याचे बूट.

जिन्यांच्या दृष्टीने: टॉर्पेडो फॅक्टरी आर्ट सेंटरमध्ये लिफ्ट आहे, प्रवेश फुकट, आणि स्वच्छतागृहं आहेत (या पट्ट्यात ती सहज सापडत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं). गॅड्सबीज टॅव्हर्न म्युझियमचा वरचा भाग जिन्यानेच. स्टेबलर-लेडबीटर औषधालयाचं तळमजल्यावरचं दुकान बाबा आरामात पाहतील, वरच्या मजल्यावर मात्र जिना. वरती न गेलेल्यांचं नुकसान होतं हेही खरं, कारण १७९२ ते १९३३ चाललेल्या त्या दुकानाचा कच्चा माल, चिठ्ठ्या लावलेले खण आणि डबे वर जसेच्या तसे आहेत. माउंट व्हर्ननहून, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरून, त्याची पत्नी मार्था वॉशिंग्टनने १८०२ मध्ये एरंडेल तेल मागवलं होतं, ते याच दुकानाकडे. तुम्ही दोघांनी आळीपाळीने वर जाऊन या.

नकाशाघडी

फारच उपयोगी. प्रिन्स स्ट्रीटच्या त्या दगडगोट्यांच्या रस्त्याबद्दल सगळीकडे वाचलं. बाबागाडी जाईल का?

वीटबंदी

कॅप्टन्स रो, म्हणजे प्रिन्स स्ट्रीटचा १०० ब्लॉक. रस्त्यावरून बाबागाडी अजिबात नाही. गोटे नदीतल्यासारखे गोल आहेत, मध्ये फटी, शिवाय उतार. पावसात तरण्या माणसाचाही पाय घसरतो. ली आणि प्रिन्सच्या कोपऱ्यावर, वरच्या टोकाला उभं राहून खाली नदीकडे बघा, सगळा रस्ता तिथून दिसतो. त्याच कोपऱ्यावर गुलाबी रंगाचं, चार जाड खांबांचं अथेनियम आहे. मुळात ती बँक होती, आता कलादालन, प्रवेश फुकट.

तसंच ५२३ क्वीन स्ट्रीटचं सात फूट रुंदीचं निळं घर. १८३० मध्ये दोन घरांमधली गल्ली बंद करायला बांधलेलं. त्यात लोक राहतात. समोरच्या फूटपाथवरून बघा, पायरीवर बसून फोटो काढू नका.

भरतीओहोटी

वरच्या प्रतिसादांत नदीचा विषय राहिला, आणि या शहरात तो राहून चालत नाही.

समुद्र लांब असला तरी पोटोमॅक इथे भरती-ओहोटीची नदी आहे. चेसापीक उपसागरातून येणारी भरती अलेक्झांड्रिया ओलांडून डी.सी.च्याही वर पोचते. किंग स्ट्रीटचं नदीकडचं टोक आणि युनियन स्ट्रीटचा कोपरा इतका सखल आहे की मोठी भरती आणि दक्षिणेचा वारा एकत्र आले की कोरड्या, उन्हाच्या दिवशीही गटारांच्या जाळ्यांतून पाणी वर येऊन रस्त्यावर साचतं. पाऊस पडलेला नसतो, म्हणून लोक गोंधळतात.

हा कोपरा एवढा खाली का, तर ती मूळची जमीनच नाही. १७४९ मध्ये इथे चंद्रकोरीसारखी उथळ खाडी होती आणि गाव वरच्या दरडीवर. मोठ्या जहाजांना खोल पाणी हवं होतं, म्हणून व्यापाऱ्यांनी दरड कापून माती पुढे ढकलली, लाकडी चौकटी टाकल्या, भराव घातला आणि टोकाला धक्के बांधले. १७५३ साली पूर्ण झालेलं कार्लाइल हाउस तेव्हा पाण्याच्या जवळ होतं. आज त्याच्या आणि नदीच्या मध्ये दोन रस्ते आहेत.

भरावासाठी निकामी जहाजंही बुडवली. २०१५ मध्ये साउथ युनियन स्ट्रीटवर हॉटेलचा पाया खणताना एका जहाजाचा सांगाडा निघाला, शेजारी १७५५ ची वखार. २०१८ मध्ये जवळच रॉबिन्सन लँडिंगच्या खोदकामात आणखी तीन जहाजं. शतकानुशतकं पाण्यात भिजलेलं लाकूड उघड्यावर ठेवलं की वाळून तडकतं, म्हणून या तीन जहाजांची लाकडं मोजून, नोंदवून शहरातल्याच बेन ब्रेनमन पार्कच्या तळ्यात पुन्हा पाण्याखाली ठेवली आहेत. टॉर्पेडो फॅक्टरीच्या तिसऱ्या मजल्यावर शहराचं पुरातत्त्व म्युझियम आहे, तिथे ही सगळी हकीकत नीट मांडलेली आहे. बहुतेक लोक पहिल्या मजल्यावरची चित्रं बघून बाहेर पडतात. तिसऱ्यावर जाच.

फलाट२

याला जोडून टॉर्पेडो फॅक्टरीचं: नाव खरं आहे. नौदलाच्या टॉर्पेडो कारखान्याचं बांधकाम १२ नोव्हेंबर १९१८ ला सुरू झालं, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या महायुद्धात इथे टॉर्पेडो तयार झाले, १९७४ पासून कलाकारांचे स्टुडिओ. आत हिरवा टॉर्पेडो ठेवलेला आहे, मुलाला तो आवडेल.

मागच्याच धक्क्यावरून वॉटर टॅक्सी सुटते: डी.सी.चा व्हार्फ, जॉर्जटाउन, आणि नदीपलीकडे मेरीलँडमधलं नॅशनल हार्बर. मेट्रोच्या कितीतरी पट महाग, तेव्हा वाहन म्हणून नको, नदीतून शहर बघायचं म्हणून एकदा. एका बाजूनेच तिकीट घ्या. शनिवारी दुपारच्या फेऱ्या भरतात, आधी ऑनलाइन काढा.

काळीमाती

यादी चांगली जमली आहे, पण ड्यूक स्ट्रीट नसेल तर अलेक्झांड्रिया अर्धीच पाहिली. विटांची सुंदर घरं, वखारी, धक्के दाखवायचे आणि पैसा कुठून आला ते सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

१३१५ ड्यूक स्ट्रीट, फ्रीडम हाउस म्युझियम. १८२८ ते १८३६ या काळात इथे फ्रँकलिन अँड आर्मफील्ड ही पेढी होती, देशांतर्गत गुलामव्यापारातल्या सगळ्यात मोठ्या पेढ्यांपैकी एक. व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये तंबाखूने जमीन दमली होती, शेतमालकांना इतके मजूर नको होते. दक्षिणेत कापूस आणि उसाच्या मळ्यांना हवे होते. या दोन टोकांच्या भावातला फरक म्हणजे पेढीचा नफा. माणसं विकत घेऊन या आवारात कोंडायची, मग जहाजाने न्यू ऑर्लिन्सला किंवा पायी, साखळदंडात, मिसिसिपीतल्या नॅचेझला. इमारत २०२० मध्ये शहराने विकत घेतली आणि २०२२ मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं. खोल्या लहान आहेत, एका वेळी मोजकेच लोक सोडतात, म्हणून वेळेचं तिकीट आधी काढा. आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं.

मेट्रोकडून चालत आलात तर वाटेत १७०१ ड्यूकपाशी एडमन्सन बहिणींचा पुतळा लागतो. मेरी आणि एमिली. एप्रिल १८४८ मध्ये 'पर्ल' या शिडाच्या जहाजातून वॉशिंग्टनहून सुटण्याचा प्रयत्न करणाऱ्या ७७ जणांपैकी दोघी. पकडल्या गेल्यावर त्यांना इथेच, शेजारच्या गुलामखान्यात ठेवलं होतं. पुढे वर्गणी जमवून त्यांची सुटका विकत घेतली गेली.

आणखी एक ठिकाण, ९०२ वाइथ स्ट्रीट, अलेक्झांड्रिया ब्लॅक हिस्टरी म्युझियम. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण क्वीन स्ट्रीटच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले, सभासदकार्ड मागितलं, नाकारल्यावर शेल्फवरून एकेक पुस्तक घेऊन वेगवेगळ्या टेबलांवर वाचत बसले. पोलिसांनी अटक केली. योजना सॅम्युअल विल्बर्ट टकर या वकिलाची होती. शहराने दार उघडण्याऐवजी १९४० मध्ये वेगळं, लहान ग्रंथालय बांधून दिलं. टकर यांनी त्याचं कार्ड घ्यायला नकार दिला. ती वेगळी इमारत म्हणजेच आजचं म्युझियम. ब्रॅडॉक रोड मेट्रोपासून दहा मिनिटं, रस्ता सपाट. हा पार्कर-ग्रे मोहल्ला, दोन मजली छोट्या घरांचा. ओल्ड टाउनइतकी गर्दी इथे नसते.

उंबरठा

+१. यात वॉशिंग्टन स्ट्रीटच्या दक्षिण टोकाची मुक्त झालेल्या गुलामांची दफनभूमीही धरा. १८६४ ची. १९५५ मध्ये तिच्यावर पेट्रोल पंप बांधला गेला होता. तो हटवून २०१४ मध्ये स्मारक झालं. नावं कोरलेली आहेत.

तिथून पुढे जोन्स पॉइंट, पुलाखालची बाग. राजधानीचं नातं समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. १७९१ मध्ये कोलंबिया जिल्ह्याची चौकोनी हद्द आखताना पहिला दगड, दक्षिण टोकाचा, इथे बसवला. अलेक्झांड्रिया तेव्हा राजधानीच्या जिल्ह्यातच गेली आणि १८४७ मध्ये व्हर्जिनियात परत आली. दगड दीपगृहापाशी नदीच्या बांधभिंतीत आहे. जागा सपाट, सावली भरपूर, मुलांसाठी खेळणी. फक्त ओल्ड टाउनपासून मैलभर आहे, आई-बाबांसाठी कॅब करा.

वीटबंदी

मेट्रोसमोर टेकडीवर दिसणारा मनोरा म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन मेसॉनिक मेमोरियल, ३३३ फूट. वरून नदी, पूल आणि डी.सी. दिसतं. मनोऱ्यावर ठरावीक वेळच्या मार्गदर्शित फेरीतच जाता येतं. खालून पायऱ्यांची रांग मोठी आहे, बाबांना गाडीरस्त्याने थेट दारापर्यंत न्या.

पानपसारा

जेवणाकडे येते. ओल्ड टाउन हे मासळी, कालवं आणि मांसाहाराचं गाव. शाकाहारी पदार्थ सगळीकडे एखाद-दोन असतात, पण सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय आणि तळण वेगळ्या तेलात आहे का, हे विचारावंच लागतं. शनिवारी दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ६ नंतर किंग स्ट्रीटच्या खालच्या टोकाला जागा मिळत नाही. मूल बरोबर असेल तर साडेअकराला जेवा. १०० ब्लॉक गाड्यांना बंद आहे, टेबलं रस्त्यावर मांडलेली असतात, तिथे बाबागाडी सुखाने उभी राहते.

आई-बाबांना खरंच आवडेल ते आर्लँड्रियात, शहराच्या उत्तर टोकाला. साल्वाडोरच्या लोकांची वस्ती, त्यांच्यात तिला चिरिलाग्वा म्हणतात. तिथे पुपुसा खा: मक्याच्या पिठाचा जाड, सारण भरलेला, तव्यावर भाजलेला. मक्याची भाकरी खाणाऱ्याला तो परका वाटत नाही. बरोबर कोबीचं आंबट कोशिंबिरीसारखं कुर्तिदो येतं. मागताना 'केसो' (चीज) किंवा 'केसो कोन लोरोको' (चीज आणि एका वेलीच्या कळ्या) म्हणा. 'रेव्हुएल्ता'त डुकराचं मांस असतं. 'फ्रिहोलेस' म्हणजे घेवडा, पण तो पुष्कळदा चरबीत परततात, म्हणून 'सिन मान्तेका?' असं विचारून घ्या. बरीच दुकानं एकाच तव्यावर सगळं भाजतात, कडक शाकाहारी असाल तर तेही विचारा.

काळीमाती

मोहल्ल्यांपैकी डेल रे राहिलं. १८९४ मध्ये आखलेली वसाहत, रेल्वेच्या कामगारांची आणि डी.सी.त नोकरीला जाणाऱ्यांची. १९३० मध्ये शहरात आली. माउंट व्हर्नन अव्हेन्यू हा एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना लहान दुकानं, मागे ओसरीची लाकडी घरं. ब्रॅडॉक रोड मेट्रोपासून अर्धा-पाऊण मैल. पाहण्याचं 'ठिकाण' असं एकही नाही, आणि ज्येष्ठांना निवांत बसायला तेच बरं पडतं. फूटपाथ काँक्रीटचे, बाबागाडीला ओल्ड टाउनपेक्षा कितीतरी सोपे.

पोटोमॅक यार्ड मुद्दाम जाण्यासारखं नाही. जुनं रेल्वे यार्ड होतं, आता नवी घरं. मेट्रो स्टेशन मे २०२३ मध्ये उघडलं.

नकाशाघडी

रविवारी सकाळी माउंट व्हर्नन जमेल का?

फलाट२

जमेल, पण बाकी काही जमणार नाही. जॉर्ज वॉशिंग्टनचं घर ओल्ड टाउनच्या दक्षिणेला आठ-नऊ मैलांवर. यलो लाइनने हंटिंग्टन, तिथून फेअरफॅक्स कनेक्टरची १०१ नंबरची बस. ही बस फुकट नाही, आणि रविवारी कमी धावते. परतीची वेळ आधी लिहून घ्या. पाच जणांना एका बाजूने कॅब परवडते. घराच्या आत जाण्याची वेळ तिकिटावर ठरते, ती सकाळची पहिली घ्या. वरच्या मजल्याला जिना आहे. बाग, तबेले, आणि वॉशिंग्टन वारले तेव्हा (१७९९) तिथे असलेल्या ३१७ गुलामांच्या वस्तीचा भाग, एवढ्याला किमान तीन तास.

नकाशाघडी

मग माउंट व्हर्नन पुढच्या खेपेला. ठरवलं ते असं. शनिवार: ओल्ड टाउनच्या मार्केट स्क्वेअरचा बाजार, औषधालय, साडेअकराला जेवण, टॉर्पेडो फॅक्टरी, संध्याकाळी ट्रॉलीने परत. रविवार: एडमन्सन बहिणींचा पुतळा, फ्रीडम हाउस, मग डेल रेमध्ये जेवण. हॉटेल मेट्रोजवळ. काही चुकतंय?

भरतीओहोटी

क्रम बरोबर आहे, एकच बघा. मार्केट स्क्वेअरचा बाजार शनिवारी सकाळी ७ ते १२, आणि चांगला माल १० पर्यंत संपतो. १७५३ पासून त्याच जागी भरतोय. तो उंचावर आहे, तिथे पाणी येत नाही. पण टॉर्पेडो फॅक्टरी युनियन स्ट्रीटवर आहे. शुक्रवारी रात्री अलेक्झांड्रियाच्या भरतीच्या वेळा बघा. भरती दुपारी १ ते ३ च्या आसपास असेल आणि किनारी पुराची सूचना लागली असेल, तर किंग स्ट्रीटच्या टोकावरून जाऊ नका. कॅमेरून स्ट्रीटने उतरा, युनियनवर पाणी दिसलं तर मागे फिरून कार्लाइल हाउसच्या बागेत बसा. बाग फुकट आहे, बाकं आहेत, आणि पाणी ओहोटीबरोबर दोन-तीन तासांत उतरतं.

पानपसारा

आणि बाजारातून घेतलेली फळं हॉटेलवर धुऊनच मुलाला द्या, चौकात पिण्याच्या पाण्याचा नळ शोधत बसू नका. पाण्याच्या बाटल्या भरून न्या, मेमध्ये दुपारी दमट उकाडा असतो.